उतारवयात अंगावर उगवणारे ‘शिंग’ : ओळख, तपासणी आणि शस्त्रक्रिया
— ऊस विकास अधिकारी




या पानावर एरवी आपण लागण, खोडवा, खतांच्या मात्रा आणि कीड-रोग यांची माहिती वाचता. या खेपेचा विषय निराळा आहे, पण तो आपल्याच घरातला आहे. आपल्या सभासदांपैकी पुष्कळांचे वय आता साठीच्या पुढे गेले आहे. जन्म उन्हात गेलेला. अशा वडीलधाऱ्यांपैकी एखाद्याच्या टाळूवर, कानाच्या पाळीवर, गालावर किंवा हाताच्या पाठीवर नखासारखा टणक, पिवळट-तपकिरी कोंब उगवतो आणि हळूहळू वाढत जातो. कोणी त्याला चामखीळ म्हणतो, कोणी मस म्हणतो, कोणी अंगारा लावतो. दुखत नाही म्हणून कोणी दवाखान्यात जात नाही. “एवढा हंगाम संपू दे, मग बघू,” असे म्हणत दोन-तीन हंगाम निघून जातात.

वैद्यकात याला कातडीचे शिंग म्हणतात. उपचार सांगणे हे डॉक्टरांचे काम आहे, शेतकी खात्याच्या माणसाचे नव्हे. परंतु डॉक्टरांकडे कधी जावे, तेथे काय करतात आणि आपण काय विचारावे, एवढी माहिती प्रत्येक घरात असलीच पाहिजे. त्यासाठी हा लेख.

हे शिंग म्हणजे काय?

आपली नखे आणि केस ज्या द्रव्याचे बनलेले असतात त्याला केराटिन म्हणतात. कातडीचा वरचा थरही याच द्रव्याचा असतो. तो रोज झिजतो, पडतो आणि खालून नवा येतो. एखाद्या जागी कातडीच्या पेशींचे काही बिघडले की केराटिन प्रमाणाबाहेर तयार होते, पडून न जाता थरावर थर साचते आणि त्याचा सुळका उभा राहतो. तेच हे शिंग. काही मिलिमीटरपासून काही सेंटिमीटरपर्यंत त्याची उंची असते. कधी सरळ, कधी मेंढ्याच्या शिंगासारखे वाकडे.

ही काही आजची गोष्ट नाही. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक एव्हरार्ड होम यांनी १७९१ साली अशा शिंगांवर निबंध लिहिला होता. फ्रान्समध्ये पॅरिस येथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एका वृद्ध बाईच्या कपाळावर सुमारे २५ सेंटिमीटर लांबीचे शिंग वाढले होते, ते शस्त्रक्रियेने काढले गेले. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातील सागर जिल्ह्यातल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका शेतकऱ्याची बातमी २०१९ साली देशभर छापून आली. काही वर्षांपूर्वी त्यांच्या डोक्याला मार लागला होता. पुढे त्या जागी गाठ येऊन शिंग वाढू लागले. ते गावच्या न्हाव्याकडून छाटून घेत. छाटले की पुन्हा वाढे. अखेर चार इंचांच्या आसपास वाढल्यावर सागरच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करून ते काढले. न्हाव्याच्या हाताने जे वर्षानुवर्षे गेले नाही, ते शस्त्रक्रियेने गेले. असे का, तेच आता पाहू.

बैलाचे शिंग आणि माणसाचे शिंग

बैलाच्या शिंगात आतून हाड असते, बाहेरून टणक टोपण असते. माणसाच्या शिंगात हाड नसते. ते नखासारखे भरीव केराटिन असते आणि फक्त कातडीवर उभे असते. म्हणून “डोक्यात मुळ्या गेल्या असतील, काढले तर मेंदूला इजा होईल,” ही भीती बहुतेक वेळा निराधार असते.

परंतु एक गोष्ट सारखी आहे. ज्यांनी ऊस वाहतुकीसाठी बैल सांभाळले आहेत त्यांना शिंगाचा कर्करोग ठाऊक आहे. आपल्या देशी जनावरांत, त्यातही बैलांत, तो अधिक दिसतो. बैल मान एका बाजूला कलती धरतो, डोके झाडतो, शिंग खुंट्याला घासतो, त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो आणि शेवटी शिंग ढिले पडून कलते. तो रोग शिंगाच्या टोपणात नसतो, आतल्या अस्तरात असतो. म्हणून जनावरांचे डॉक्टर वरचे टोक न छाटता शिंग बुडापासून काढतात. माणसातही धोका असला तर तो वरच्या सुळक्यात नसतो, बुडाच्या कातडीत असतो. सुळका ही मेलेली वस्तू आहे, जिवंत कारखाना खाली आहे. (बैलाचा हा रोग माणसाला लागत नाही, हेही येथेच सांगून ठेवतो.)

उसातले उदाहरण घ्या. चाबूक काणी आली की शेंड्यातून काळा चाबूक बाहेर पडतो. नुसता चाबूक छाटला तर रोग गेला का? मुळीच नाही. चाबकावर पिशवी घालून तो कापावा लागतो आणि अख्खे बेट मुळासकट उपटून जाळावे लागते. चाबूक ही खूण, रोग बेटात. शिंगाचेही तसेच आहे. फरक एवढाच की बेट आपण जाळतो, पण कातडीचा काढलेला तुकडा फेकायचा नसतो, तपासायला पाठवायचा असतो.

बुडाशी काय असू शकते?

बुडाशी तीन प्रकारच्या गोष्टी असू शकतात.

१) साधा विकार : विषाणूमुळे होणारी चामखीळ, किंवा उतारवयात येणारा, चिकटवल्यासारखा दिसणारा तपकिरी मस. यात जिवाला धोका नाही.

२) कर्करोगाच्या आधीची पायरी : वर्षानुवर्षे ऊन खाऊन खरखरीत झालेली कातडी. ती आज कर्करोग नाही, पण दुर्लक्ष केल्यास होऊ शकते.

३) कर्करोग : बहुधा कातडीच्या चपट्या, खवल्यासारख्या पेशींचा.

१९९१ साली ब्रिटनमधील त्वचारोगांच्या एका मान्यवर नियतकालिकात ६४३ शिंगांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात दर शंभरांत सुमारे ६१ साधी निघाली, २३ कर्करोगाच्या आधीच्या पायरीवर होती आणि १६ मध्ये प्रत्यक्ष कर्करोग होता. ते आकडे गोऱ्या कातडीच्या लोकांचे. आपली कातडी सावळी, तिला उन्हापासून थोडे संरक्षण आहे, म्हणून हे प्रमाण आपल्याला जसेच्या तसे लावू नये. परंतु त्यातला धडा आपल्यालाही लागू आहे : बहुतेक शिंगे साधी असतात, पण सगळी नसतात. आणि वरून बघून कोणते साधे, कोणते नाही, हे खात्रीने सांगता येत नाही. डॉक्टरांनाही नाही.

संशय वाढवणाऱ्या खुणा

पुढीलपैकी एकही खूण दिसली तर हंगामाची वाट बघू नये.

- शिंगाची उंची कमी पण बूड रुंद आहे.
- बूड हाताला कडक, जाड किंवा लालसर लागते.
- दुखते, ठणकते, चिघळते किंवा रक्त येते.
- काही आठवड्यांत झपाट्याने वाढले.
- कानावर, ओठावर किंवा जुन्या भाजल्याच्या वणावर उगवले.
- गुप्त भागावर उगवले. तेथे कर्करोगाचे प्रमाण अधिक असते. लाजेखातर लपवू नये.
- एकदा काढल्यावर त्याच जागी पुन्हा आले.
- जवळच्या भागात, म्हणजे मानेत, कानापुढे, काखेत किंवा जांघेत गाठ लागते.

दुखत नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नये. या रोगात दुखणे पुष्कळदा उशिरा येते.

घरगुती उपाय कोणते टाळावेत?

घोड्याच्या शेपटीचा केस बांधणे, बिब्बा घालणे, चुना-सोडा किंवा ॲसिड लावणे, ब्लेडने किंवा नखे कापायच्या कात्रीने छाटणे, हे आपल्याकडील ठरलेले उपाय. यात दुहेरी नुकसान आहे. एक तर बूड तसेच राहते, जखम चिघळते, मधुमेह असला तर पू होतो. दुसरे म्हणजे जाळल्यामुळे बुडाची कातडी बिघडते आणि पुढे तपासणीत नक्की काय होते ते कळणे अवघड होते. मूळ विकार विषाणूची चामखीळ असेल, तर त्याच वस्तऱ्याने ती दुसऱ्याला लागूही शकते.

डॉक्टर काय विचारतात, काय बघतात?

कातडीचे डॉक्टर किंवा सर्जन प्रथम विचारतात : किती दिवसांपासून आहे, किती वेगाने वाढले, रक्त येते का, पूर्वी तेथे भाजले होते का, आधी काय लावले. याची उत्तरे खरी द्यावीत. बिब्बा लावला असेल तर लावला म्हणून सांगावे, कोणी रागावणार नाही. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असेल तर सांगावे. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर ती चिठ्ठी बरोबर न्यावी, कारण शस्त्रक्रियेत रक्तस्राव वाढू शकतो. मात्र अशी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. त्यात लकव्याचा किंवा हृदयविकाराचा धोका असतो.

नंतर ते बूड चाचपून बघतात, भिंगाच्या दिव्याखाली पाहतात आणि जवळच्या गाठी तपासतात. शिंग टाळूवर असून हाडाला चिकटल्यासारखे वाटले तर एक्स-रे किंवा स्कॅन करायला सांगतात. प्रत्येकाला ते लागतेच असे नाही.

शस्त्रक्रिया कशी होते?

लहान-मध्यम शिंगासाठी अंगभर भूल द्यावी लागत नाही. बुडाभोवती इंजेक्शन देऊन तेवढी जागा बधिर करतात. टोचताना थोडे झोंबते, नंतर फक्त ओढल्यासारखे जाणवते. माणूस जागा असतो.

मग शिंगाभोवती डोळ्याच्या आकाराचा छेद घेऊन बुडाच्या कातडीसह, भोवतालची थोडी निरोगी कातडी धरून, खालच्या चरबीच्या थरापर्यंतचा तुकडा काढतात. डोळ्याचा आकार यासाठी की दोन्ही कडा नीट जुळतात आणि टाके सरळ रेषेत बसतात. साधा विकार वाटत असेल तर भोवतालची कड एक-दोन मिलिमीटर पुरते. कर्करोग असल्यास साधारण चार ते सहा मिलिमीटर, आणि धोका जास्त असेल तर त्याहून अधिक घ्यावी लागते. जागा मोठी असली आणि कडा जुळत नसल्या, तर शेजारची कातडी सरकवून किंवा मांडीची पातळ कातडी लावून जखम झाकतात. मोठे शिंग, हृदयविकार किंवा अतिवृद्ध माणूस असल्यास दवाखान्यात ठेवून घेतात. एरवी बहुतेक जण त्याच दिवशी घरी येतात.

काढलेला तुकडा फॉर्मेलीनच्या बाटलीत ठेवून, नाव लिहून, विकृतिशास्त्रज्ञाकडे म्हणजे पॅथॉलॉजिस्टकडे जातो. ते त्याचे अतिशय पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि दोन प्रश्नांची उत्तरे देतात : बुडाशी कोणता विकार होता, आणि कापलेल्या कडा स्वच्छ आहेत का. हा रिपोर्ट येईपर्यंत शस्त्रक्रिया निम्मीच झाली असे समजावे. नुसता सुळका खरवडून पाठवला तर या तपासणीला काही अर्थ राहत नाही, कारण बूड त्यात आलेलेच नसते.

“दादा, निघालं की ते, आता कशाला आठ दिवसांनी पुन्हा फेरा?” असे म्हणू नये. उसाचा काटा झाला पण वजनाची पावतीच घेतली नाही, तर आपण घरी येतो का? इथेही रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय प्रकरण मिटवू नये.

शस्त्रक्रियेनंतर

टाके चेहऱ्यावर साधारण पाच ते सात दिवसांनी, टाळूवर सात ते दहा दिवसांनी आणि हातापायांवर दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर जखम कोरडी आणि झाकलेली ठेवावी. पाचटाची धूळ, शेणाचे हात आणि गोठा यांपासून लांब राहावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे डॉक्टरांना विचारावे. सूज, पू, ताप किंवा न थांबणारे रक्त दिसल्यास लगेच परत जावे. म्हणजे सारा खोळंबा दोन आठवड्यांचा आहे. तोड आली असली तरी तेवढे दिवस मुलाने, पुतण्याने बघायला हरकत नाही.

रिपोर्ट साधा आला तर प्रकरण संपले. कर्करोग आला आणि कडा स्वच्छ असल्या, तर बहुतेकांना आणखी उपचार लागत नाहीत. फक्त पहिली दोन वर्षे डॉक्टर सांगतील त्या अंतराने दाखवत राहावे. कड स्वच्छ नसेल तर पुन्हा थोडे काढावे लागते. काहींना किरणोपचाराची गरज पडते. कर्करोग हा शब्द ऐकून हातपाय गाळू नयेत. कातडीचा हा कर्करोग वेळेत पूर्ण काढला तर बहुतेक वेळा शस्त्रक्रियेनेच बरा होतो. गाठींत उतरेपर्यंत थांबले तर मात्र गोष्ट अवघड होते.

मुंबईतील जुना अनुभव

एकाच जागी वर्षानुवर्षे त्रास सोसणारी कातडी बिघडू शकते, हे आपल्याकडे फार पूर्वी ध्यानात आले आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली धोतराच्या कर्करोगाची नोंद प्रसिद्ध केली. धोतर कमरेला घट्ट आवळून जेथे रोज घासते, तेथील कातडी काळी, जाड, खवलेदार होते आणि क्वचित पुढे कर्करोगात जाते. लुगड्याच्या गाठीखालीही असेच घडू शकते. हे शिंग नव्हे, पण धडा तोच. म्हणून आपल्या आजीला कमरेच्या वणाबद्दलही विचारावे. ती आपण होऊन सांगणार नाही.

डॉ. खानोलकर १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक होते. त्याच संस्थेचा वारसा आज नवी मुंबईत खारघर येथील टाटा मेमोरियल सेंटरच्या आवारात चालतो. २००२ सालापासून ती संशोधन संस्था तेथे आहे, आणि तेथे रुग्णांवर उपचारही होतात.

नवी मुंबईला जावे का?

आपल्यापैकी अनेकांची भावकी नवी मुंबईत आहे. कोणाचा भाऊ वाशी-तुर्भ्याच्या बाजारात माथाडी, कोणाची लेक कोपरखैरणे किंवा घणसोलीला दिलेली. त्यामुळे काही झाले की “आबांना तिकडेच घेऊन या,” असा निरोप येतो. सोय चांगली आहे. वाशीला महानगरपालिकेचे रुग्णालय आहे, नेरूळला डी. वाय. पाटील आणि कामोठ्याला एमजीएम ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत.

पण पहिल्या शस्त्रक्रियेसाठी प्रत्येकाने तेथवर धावावे असे नाही. लहान शिंग आपल्या जिल्हा रुग्णालयातील किंवा तालुक्याच्या गावचा सर्जनही काढू शकतो. अट एकच : तुकडा बुडासह निघाला पाहिजे आणि तपासणीला गेला पाहिजे. रिपोर्टात कर्करोग आला, कड स्वच्छ नसली किंवा गाठ लागली, तर मात्र खारघर-परळसारख्या ठिकाणी जावे. जाताना रिपोर्टाबरोबर तपासणीच्या काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा, म्हणजे स्लाइड व ब्लॉक, पॅथॉलॉजी लॅबमधून मागून घ्यावेत. मोठ्या ठिकाणी ते पुन्हा स्वतः तपासतात. हे नेले नाहीत तर फेरा वाढतो. आधार कार्ड आणि रेशन कार्डही ठेवावे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारावे.

ऊन आणि आपण

ऊन टाळता येत नाही, पण कमी करता येते. गांधी टोपीने टाळू झाकतो, पण कान, नाक आणि मान उघडी राहतात. फेटा किंवा मोठ्या काठाची टोपी बरी. लांब बाह्यांचा सदरा घालावा. भांगलण, पाणी देणे ही कामे शक्यतो सकाळ-संध्याकाळ उरकावीत. भाजल्याचा जुना वण असेल तर तो झाकून ठेवावा आणि त्यावर न भरणारी जखम झाली तर दाखवावी.

ध्यानात ठेवावे

१) शिंग ही खूण आहे, रोग असला तर बुडात.
२) घरी छाटू, बांधू किंवा जाळू नये.
३) बुडासह काढावे, तुकडा तपासावा.
४) रिपोर्ट हातात घ्यावा आणि जपून ठेवावा.
५) पुन्हा उगवले तर पुन्हा दाखवावे.

घरातील ज्या वडीलधाऱ्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांना हा लेख मुलांनी, नातवंडांनी वाचून दाखवावा. आणि वाचून झाल्यावर आजोबांची टोपी एकदा उतरवून टाळू आणि कानामागची जागा नीट बघावी. उसाच्या प्लॉटची पाहणी आपण दर पंधरवड्याला करतो. घरच्या माणसाची वर्षातून दोनदा करायला काय हरकत आहे?

आपला,
ऊस विकास अधिकारी